एकशे तीन वर्षांचा खेळाडू

दाराची घंटा वाजली तशी कवळीवालीनं नवऱ्याला पलंगावर ढकललं आणि वर पांघरूण टाकलं. "तोंड भिंतीकडे. मी खाकरले की खोकायचं. वय लक्षात आहे ना? एकशे तीन."

"अगं, मी सत्तरचा!"

"उरलेली तेहतीस खोकल्यात भरून काढा."

दारात गेम कंपनीचा साहेब. हातात पुष्पगुच्छ, काखेत करंडक. गेममधली मोटारींची शर्यत जिंकणाऱ्या एकशे तीन वर्षांच्या खेळाडूचा सत्कार करायला स्वतः आला होता.

तो खेळाडू म्हणजे कवळीवालीचे वडील. त्यांना जाऊन दहा वर्षं झाली होती. हौशी माणूस. पदरमोड करून दोनशे अकरा गेम विकत घेतलेले. त्यातल्या एकात अकरा वर्षं खपून शहर वसवलेलं: चाळीस हजार वस्ती, बागा, शाळा, नदीवर पूल. पूल त्यांच्या स्वभावासारखाच, जरा वाकडा. ते गेल्यावर लेकीनं कंपनीच्या अटी वाचायला घेतल्या. गेम विकलेच नव्हते म्हणे. खेळायची नुसती परवानगी होती, तीही माणूस असेतो. माणूस संपला की खातं बंद, शहरासकट. वारसाबिरसा काही नाही. कवळीवालीनं चष्मा काढून ठेवला आणि बसल्या जागी ठरवून टाकलं, की बाबा गेलेच नाहीत. सरकारदरबारी मरणाची नोंद झाली. कंपनीच्या दरबारी झाली नाही.

तेव्हापासून बाबा रोज खेळत होते, लेकीच्या बोटांनी. चूक एवढीच झाली, की तिचा उभा जन्म कवळीत दात बसवण्यात गेलेला. बोटं अशी तयार, की डासालाही कवळी बसवतील. गेल्या महिन्यात शर्यतीत हात आवरला नाही. बाबांनी विशीतल्या पोरांना धूळ चारली आणि पहिले आले.

"आजोबा कुठंयत?" साहेबानं विचारलं.

"आत्ताच लवंडलेत."

उशाशी पेल्यात कवळी होती, पुरावा म्हणून कालच घडवलेली. कवळीवाली खाकरली. खोकला आला नाही. ती घसा खरवडेपर्यंत खाकरली. पांघरुणातून घोरणं ऐकू आलं. नवरा खरंच झोपला होता. त्यातून पांघरूण घसरलेलं, आणि परवाच कलप लावलेलं ते डोकं काळंभोर चमकत होतं.

साहेब त्या डोक्याकडे बघत राहिला. मग कवळीकडे. मग तिच्याकडे.

आता लपवण्यात हशील नव्हतं. कवळीवाली ताठ उभी राहिली. "करा खातं बंद. पण जाताना एवढं सांगून जा साहेब. माझ्या बापानं पैसे टाकून घेतलेलं त्याचं नव्हतं, तर तुम्ही त्याला विकलंत काय?"

साहेबानं करंडक कवळीशेजारी ठेवला. निजलेल्याच्या पायाशी फुलं ठेवली. दारापर्यंत गेला, बाहेर कुणी नाही ना ते पाहिलं आणि परत येऊन हलक्या आवाजात म्हणाला,

"ताई, पहिलं कशाला यायचं? आमचे अण्णा दर शर्यतीत मुद्दाम बाविसावे येतात. यंदा एकशे नऊ पूर्ण करतील."