इंचभर कमी

पास घ्यायचा की नाही हे आजीचं अजून ठरत नव्हतं, आणि टिल्ली मात्र पाळण्यांच्या बागेतल्या तिकीटखिडकीशेजारच्या उंचीच्या फळीला पाठ लावून ताठ उभीसुद्धा राहिली होती. फळीवर एक लाल रेघ होती. डोकं रेघेच्या खाली राहिलं की मनगटाला पिवळा पट्टा, म्हणजे प्रत्येक पाळण्यात शेजारी मोठं माणूस हवंच. रेघेला टेकलं की हिरवा, म्हणजे एकटं बसायची मोकळीक. टिल्ली सात वर्षांची होती आणि तिला हिरवाच हवा होता.

काचेमागच्या तिकीटवालीनं आजीला तिसऱ्यांदा समजावून सांगितलं. एका दिवसाचं तिकीट वेगळं, वर्षाचा पास वेगळा. पास जोडीचा असतो, एक मूल आणि एक मोठं माणूस. दोघांचे फोटो त्यावर, तिसऱ्या कुणाला तो चालत नाही. वर्षात चार-पाच वेळा आलात तरी वसूल झाला म्हणून समजा. मागे रांग वाढत होती.

वसुलीचा प्रश्नच नव्हता. आजी म्हणजे घरी बसून शाळेचे गणवेश शिवणारी बाई. चाळीस वर्षं मशीनचं पायडल मारून गुडघे बोलायला लागलेले, आणि माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढली तरी गरगरायचं. तिला पाळण्याची हौस कुठून असणार? तिला पास हवा होता तो विहीणबाईंकडे आहे म्हणून.

विहीणबाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या तरी गळ्यातली शिट्टी काही सुटली नव्हती. शनिवारी नात त्यांच्याकडे, रविवारी हिच्याकडे, ही वाटणी इतकी वर्षं सुरळीत चालली होती. मग विहीणबाईंनी जोडीचा पास काढला आणि रविवारची पार रया गेली. पूर्वी टिल्ली मशीनखाली बसून बाहुलीला चिंध्यांचे झगे करायची. आता ती पलंगावर पाय हलवत कालच्याच गोष्टी सांगायची. गेल्या रविवारी म्हणाली, शिट्टीवाली आजी उंचावर गेलं की माझा हात घट्ट धरते. ते ऐकलं आणि आजीनं एका गणवेशाची बाही उलटी जोडली. तुला हेवा वाटतोय असं कुणी म्हटलं असतं तर तिनं कानांवर हात ठेवले असते. पण पोटात दुखत होतं हे खरं, आणि आठवडाभर दुखत होतं.

तिकीटवालीनं मान उंचावून फळीकडे पाहिलं. टिल्लीचं डोकं बरोबर रेघेला टेकलं होतं.

"झाली की हो हिची उंची. हिरवा देते."

तिला काचेतून फक्त डोकं दिसत होतं. आजीला टाचा दिसत होत्या. दोन्ही टाचा चांगल्या इंचभर वर उचललेल्या. खरं तर बघायचीही गरज नव्हती. पंधरा दिवसांपूर्वीच तिनं टिल्लीचं माप घेतलं होतं, आणि नातीचं माप तिला वहीत शोधावं लागत नसे.

तरी ती गप्प राहिली. हिरवा पट्टा बांधला की ही एकटी वर जाणार. शनिवारी तेच विहीणबाईंना ऐकवणार, आता तू शेजारी नकोस. आणि विहीणबाई गळ्यात शिट्टी घालून खाली बाकावर बसणार, पाण्याची बाटली सांभाळत. हे चित्र आजीला इतकं गोड लागलं की ओठ दाबले तरी हसू आवरेना. मग चित्रातल्या त्याच बाकावर तिला स्वतःची कापडी पिशवी दिसली. विहीणबाई निदान इतके शनिवार तरी शेजारी बसल्या होत्या. आपण अजून एकदाही नाही.

"टाचा टेकव," ती म्हणाली, आणि टिल्लीच्या खांद्यावर हात ठेवून हलकेच दाबलं.

टिल्ली खाली आली. डोकं आणि रेघ यांच्यामध्ये इंचभर फळी उघडी पडली. तिकीटवाली हसली आणि हिरवा पट्टा ठेवून तिनं पिवळा काढला.

"एवढंच ना? पाच-सहा महिन्यांत गाठेल ती. मग उरलेलं वर्ष तुम्ही खुशाल बाकावर आराम करा, आजी. म्हणून म्हणते, पासच घ्या."

तिनं हे अगदी भल्यासाठीच सांगितलं होतं. आजी मनातल्या मनात रविवार मोजू लागली.

टिल्लीचे डोळे भरून आले होते, आणि रडू येतंय याचाही तिला राग आला होता.

"शिट्टीवाली आजीपण दर वेळी हेच करते," ती म्हणाली. "मी जरा वर झाले की लगेच खांदा दाबते."

आजीचा हात अजून खांद्यावरच होता. तो तिनं काढला नाही. रांगेतला मागचा माणूस खाकरला. तिकीटवालीनं पुन्हा विचारलं, काय करायचं मग, दिवसाचं तिकीट की पास.

"पास आजपासूनच लागू होतो ना?" आजीनं विचारलं.