ओट्याचं माप

“ओटा कोपराच्या जरा खाली हवा. स्वयंपाक कोण करतं?” टेप उघडत डिझायनर मुलीने विचारलं.

“हिचंच माप घ्या. किचनमध्ये हिचंच राज्य!” सहा फुटी काका हॉलमधून उदारपणे म्हणाले.

जुना ओटा उंच सासूबाईंच्या मापाचा होता. त्यामुळे ठेंगण्या कालिंदीकाकू लग्नापासून पाटावर उभ्या राहूनच पोळ्या लाटत आल्या होत्या. आत्ताही त्या सवयीने पाटावर चढल्या आणि कोपर वाकवून उभ्या राहिल्या. मुलीने जमिनीपासून माप घेतलं, लिहिलं, आणि मग तिला पाट दिसला.

“अय्या काकू, खाली उतरा! परत मोजते.”

काकू उतरणारच होत्या, तेवढ्यात हॉलमधून आवाज आला, “अगं, चहाचं काय झालं?”

काकूंनी पाय मागे घेतला. “राहू दे गं,” त्या हळूच म्हणाल्या. “तेच माप पक्कं कर.”

महिन्याभराने काका नव्या चकचकीत ओट्यापाशी उभे राहिले आणि दचकले. “अगं, हाही तुला उंचच झाला की!”

“हो ना,” काकू पाट भिंतीशी सरकवून त्यावर ऐसपैस बसल्या. “तुम्हाला मात्र अगदी बरोबर होतोय. चहात आलं जरा जास्त किसा.”