डॉक्टर काय म्हणाले

क्योतोत पीएच.डी. करणाऱ्या स्वानंदला युरोपातल्या सायकल शर्यतींचं भारी वेड. टीव्हीवर शर्यतीतले सायकलस्वार छाती हँडलला टेकवून घाट उतरताना दिसले, की रविवारी हाही हिएइचा डोंगर तसाच उतरायचा. तो परतेपर्यंत त्याच्या बायकोच्या, तेजश्रीच्या, जिवाला घोर लागायचा. खिडकी आणि फोन यांच्यामध्ये तिच्या येरझारा चालायच्या.

या रविवारी फोन खरंच वाजला. वळणावर सायकल घसरून तो पडला होता.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि जपानीत सांगितलं, "हाड शाबूत आहे. दोन आठवडे विश्रांती घ्या, मग खुशाल सायकल चालवा." स्वानंदचं लॅबमधलं सगळं काम इंग्रजीत चालायचं, शेजारणींशी बोलून बोलून जपानी शिकली होती ती तेजश्रीच.

"काय म्हणाले गं?" त्याने विचारलं.

तिने त्याच्याकडे न पाहताच सांगितलं, "म्हणाले, सायकल आता कायमची बंद."

त्याच्या गुडघ्याला पट्टी बांधून झाल्यावर दोघं बसस्टॉपवर आले, पण तिला एका जागी उभं राहवेना. खरं सांगून टाकावं असं दहादा ओठांवर आलं आणि दहादा तिने ते गिळलं.

शेवटी तोच हळूच म्हणाला,

"तेजू, हे दोन आठवडे सरले की आपण दोघं सायकलींवरून नदीकाठाने जाऊ. रस्ता अगदी सपाट आहे. तू पुढे हो, मी मागून येतो."