चित्रातली झोळी

अमेरिकेतलं जुनं गोष्टींचं पुस्तक वाचता वाचता मायलेकी भर दुपारी पेंगुळल्या होत्या. चित्रात कापूस फुटला होता आणि मालकाच्या बाळाला कडेवर घेऊन गुलाम दाई हसत होती.

"आई, हिचं बाळ कुठं आहे वं?" ऊर्वीने विचारलं. "आजीच्या शेतात वेचणीला आलेल्या बाया आधी निंबाला बाळाची झोळी बांधतात. इथं झोळीच नाही."

प्रणालीने पानं उलटली. सगळीकडे हसू, गाणी. झोळी एकही नाही. हिचं बाळ मालकाने विकलं असेल, हे लेकीला कसं सांगावं?

"पुस्तकवाल्यांनी काढलीच नाही बाई."

"मग मी काढते!"

ऊर्वीने चित्रातल्या झाडाला लाल खडूची झोळी टांगली आणि झोपली.

प्रणालीचेही डोळे मिटत आले. दाईने मालकाचं बाळ अलगद खाली ठेवलं, ओठांवरचं हसू पुसलं आणि ती झाडाकडे धावली.