दोन खांदे

शालन चौगुलेनं दोन्ही हाडं खिडकीजवळच्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवली आणि तिसऱ्या मिनिटाला म्हणाली, "सर, ही दोन जनावरं न्हाईत. एकच हाय."

यज्ञेश्वर चष्मा पुसत होते. पुसायचे थांबले.

हाडं खरी नव्हती. परदेशातल्या संग्रहालयानं पाठवलेल्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती होत्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात पोहणाऱ्या, लांब मानेच्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे खांदे. एक ताटाएवढा, दुसरा बशीएवढा. कोल्हापुरातल्या त्या कॉलेजात यज्ञेश्वर अकरा वर्षं त्यांची मापं घेत होते. या दोन वेगळ्या जाती आहेत, असं सांगणारा त्यांचा निबंध उद्या टपालात पडायचा होता. शालन उचगावहून सायकलनं येणारी, नोकरीला लागून चार महिने झालेली. तिच्या प्रॅक्टिकलला पोरं आत्तापासूनच गर्दी करायची. ते यज्ञेश्वरांना दिसत होतं.

"एकच म्हणजे?"

"एकाच जातीची. हे थोरलं, हे पिल्लू." भरात आली की तिची गावची बोली निसटे. "का, ते बघा की, हितं..."

"पुरे."

पण दोन्ही हाडं शेजारीशेजारी बघताच, कारण न ऐकताच, त्यांना पटलं होतं. पटलं त्याच क्षणी ते आतून जळाले. अकरा वर्षं. आणि हिला तीन मिनिटं!

तेवढ्यात विभागप्रमुख दत्तोपंत दारात आले. "कसला वाद चाललाय?"

"वाद नाही," यज्ञेश्वर घाईनं म्हणाले. "निबंध थांबवतोय, सर. ही दोन जातींची हाडं नाहीतच. लहान आहे ते पिल्लाचं. आज माझ्या लक्षात आलं. चौगुलेबाईंना तेच दाखवत होतो."

शालननं त्यांच्याकडे पाहिलं.

दत्तोपंत हरखले. "शाबास! स्वतःचं अकरा वर्षांचं काम मोडायला छाती लागते." लहान हाड त्यांनी उजेडात धरलं. "पण पिल्लाचंच कशावरून? लहान चणीच्या दुसऱ्या जातीचं का नाही?"

यज्ञेश्वरांनी हाड हातात घेतलं. त्याची रेघन् रेघ त्यांनी कागदावर काढली होती. उलटं केलं, सुलटं केलं. कड चाचपली. दत्तोपंत वाट पाहत होते. तास संपल्याची घंटा झाली. व्हरांड्यात पोरांचा गलका उठला आणि विरला.

शेवटी त्यांनी शालनकडे पाहिलं.

ती पुढे आली. त्यांच्या हातातल्या हाडावर एका जागी तिनं बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं.

"सांगा की, सर," ती म्हणाली.