चारच्या गाडीपर्यंत

“बारामतीची गाडी आता चारला,” इंदापूरच्या स्टँडवरच्या कंट्रोलरनं सांगितलं आणि खिडकी लावून तो भाकरीचं फडकं सोडून बसला. बिरूतात्याची अकलूजची गाडी उशिरा आली होती आणि बारामतीची तोवर निघून गेली होती. आणखी चौघांची तीच गत. त्यांनी यष्टीला यथेच्छ शिव्या घातल्या, लिंबाखाली पटके पसरले आणि पाय ताणून दिले.

बिरूतात्याला मात्र मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. अकलूजला तो बैल बघायला गेला होता. बैल काही पसंत पडला नाही, पण आता त्याचं त्याला काहीच वाटेना. त्याची एकुलती एक लेक सारजा इथून अर्ध्या तासाच्या वाटेवर, सासरच्या मळ्यात नांदत होती. तिला बघून दोन वर्षं झाली होती. बायको गेल्यापासून गावी कोऱ्हाळ्याचं रान, गुरं, पाटाच्या पाण्याची पाळी, सगळं एकट्याच्या गळ्यात. शिवाय बाप विनाकारण लेकीच्या दारात उभा राहिला, की सासरची माणसं म्हणणार, पोरीनं गाऱ्हाणं धाडलं वाटतं! आज कारण आयतं मिळालं होतं. गाडी चुकली म्हणून आलो. आता कोण काय म्हणेल?

बाजारात त्यानं लेकीसाठी हिरवा खण घेतला, गोडी शेव घेतली आणि गडी झपाझप निघाला. जन्म मेंढरांमागं हिंडण्यात गेलेला. मेंढरं विकून शेती धरली तरी चाल तीच होती. वैशाखाचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. घशाला कोरड पडली. वाटेत एक विहीर लागली, पण पायऱ्या उतरण्यात वेळ कशाला घालवा, म्हणून तो थांबला नाही.

मळ्याच्या बांधावर आला आणि त्याचे पाय थबकले. अंगणातल्या दोरीवर दुपटी वाळत होती. लंगोट होते, एक इवलंसं टोपडंही होतं.

“आरं माझ्या देवा!” बिरूतात्या मोठ्यानं म्हणाला. आजा झालो की मी! पाच वर्षं पोरीची कूस उजवत नव्हती. किती देवांना त्यानं साकडं घातलं होतं! पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण माहेरी आईच नाही, तर ते करणार कोण? म्हणून हितंच उरकलं असंल. पत्र टाकलं असंल, पोचलं नसंल. त्याचं त्यालाच सगळं पटत गेलं. आणि मग त्याला पाणी आठवलं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी तोंडाला लावायचं नसतं. लग्नानंतर दोनदा तो इथं आला होता आणि दोन्ही खेपेला तसाच तहानेला परतला होता. आज ती अडचण मिटली होती!

ओसरीवर विहीणबाई, ठमाबाई, डाळ पाखडत होत्या. त्याला बघून सूप हातातच राहिलं.

“पाव्हणं? आसं अचानक?”

“गाडी चुकली. म्हनलं, नातवाचं तोंड तरी बघून जावं!”

ठमाबाईंनी डोक्यावरचा पदर उगाच सारखा केला. “बसा,” म्हणाल्या आणि आत गेल्या त्या आतच राहिल्या.

सारजा गोठ्यातून आली. हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले, गालाची हाडं वर आलेली. ओल्या बाळंतिणीला शेणात घालतात का रं ही माणसं? बिरूतात्याला संताप आला. पण आजच्या दिवशी भांडायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

“सारजे, पाणी आण. आज तांब्याभर पिणार बघ तुझा बाप!”

हात धुऊन तिनं तांब्या भरून आणला. त्यानं तो घेतला, तेवढ्यात आत मूल रडलं.

“जा, जा, आदी लेकराला घे. माझं काय येवढं!”

सारजा जागची हलली नाही. दारात एक तरणी पोर आली. कपाळाला ठसठशीत कुंकू, खांद्याशी रडणारं बाळ.

“अक्का, बाळाचं त्याल कुठं ठिवलंय वो?”

परका पुरुष दिसताच ती लाजली. बाळाला पदराखाली घेऊन पाजतच आत वळली.

बिरूतात्यानं भरला तांब्या खाली ठेवला.

“जावयानं दुसरी केली?”

“साल झालं.”

“आन तू?”

सारजानं गोठ्याकडं बघितलं. गव्हाणीशेजारी तिची वाकळ गुंडाळून ठेवलेली होती. जवळच तीन दगडांची चूल होती.

“आगं, मग मला सांगावा तरी धाडायचा!” त्याचा आवाज फुटला. “बाप काय मेला हुता का तुझा?”

“धाडून काय झालं आसतं? हितं मी रडतीच हाय. तितं तुमी येकलं रडत बसला असता.”

भर अंगणात म्हातारा हमसून हमसून रडला. रडू ओसरलं तरी त्याला बोलता येईना. जीभ टाळूला चिकटली होती. ओठ नुसते हलत होते.

सारजानं तांब्या उचलला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं मान हलवली, तांब्या परत तिच्याकडं सरकवला.

“प्या, तात्या,” ती म्हणाली. “आता ह्ये तुमच्या लेकीचं घर कुठं ऱ्हायलंय?”