वास्काचा डगला

बाही मातीतून सुटली आणि अनिसियाचा हात थांबला.

समुद्र दरड कुरतडत चालला होता. गोठलेल्या मातीतून पूर्वजांचे मुखवटे, गवती टोपल्या, कातडी कपडे उघडे पडत, आणि वारा लागला की चार दिवसांत त्यांचा भुगा होई. म्हणून गावाने जुन्या शाळेतली एक खोली अनिसियाला दिली होती. ती मातीचा अख्खा गोळाच उचलून आणी, थेंबाथेंबाने गार पाणी सोडून वस्तू मोकळी करी, मग ती टिकावी म्हणून पाण्यात विरघळणाऱ्या मेणात मुरवी.

हा डगलाही चारशे वर्षांचा असेल, असं ती धरून चालली होती. पण शिवण नायलॉनच्या दोऱ्याची निघाली. मनगटाशी तीन तिरके टाके. असे टाके गावात एकच बाई घालायची, मात्रोनाकाकू. आणि बाहीत हाडं होती.

तिचा नवरा, वास्काकाका, सीलच्या शिकारीला समुद्रावरच्या बर्फावर गेला तो परतलाच नाही, याला त्रेचाळीस वर्षं झाली. त्याला शोधायला धाकटा भाऊ, म्हणजे अनिसियाचा बाप, निघाला आणि तिसऱ्या दिवशी बर्फाच्या भेगेत गेला. आई आधीच वारलेली. दोन वर्षांच्या अनिसियाला काकूने पोटाशी धरलं. पुन्हा लग्न केलं नाही. खोदकाम सुरू झाल्यापासून ती रोज दरडीवर येऊन बसे. अजून वाट बघते बिचारी, असं लोक म्हणत.

पोलिसांना कळवण्याआधी अनिसियाने तिला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, हात हातात घेऊन सगळं सांगितलं. काका समुद्रात बुडालाच नव्हता. वादळात किनाऱ्याला लागला असेल, वरून दरड कोसळली असेल.

"घरापासून हाकेच्या अंतरावर होता गं, काकू," ती म्हणाली. तिचेच डोळे भरून आले. बापाला उगाच बर्फावर जावं लागलं, हे तिने गिळलं.

म्हातारी रडली नाही. बाहीवरून बोट फिरवत तिने विचारलं, "हे आता किती टिकेल?"

"नीट मुरवलं तर शंभर वर्षं."

"पाठीकडची माती काढलीस?"

"नाही अजून. उद्या काढेन."

मात्रोनाने तिच्या गालावर हात ठेवला.

"जपून काढ, पोरी. पाठीत सुरा आहे. हात कापून घेशील."